पंडिता रमाबाई आणि देवाच्या वचनावरील भरवसा

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची ठरली, तेव्हा मीही चार ओळी लिहाव्यात असा मैत्रिणींनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची नाहीतर मसाल्याची कृती द्यावी असे प्रथम मनात आले. परंतु आमच्या शेजारच्या काकूंनी काही वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नव्हते. ते उत्तर पुढे मला इतिहासात सापडले, आणि तेच आज इथे लिहिते आहे. मी ख्रिस्ती आहे आणि मंडळातील बहुतेक भगिनी ख्रिस्ती नाहीत. तरी हा इतिहास आपल्या सर्वांच्याच घरचा आहे, कारण तो पंडिता रमाबाईंचा आहे.

आधी तो प्रश्न सांगते. आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री मंदिरात उपासना असते. ती संपली की एका ताटात किंवा डबीत पवित्र शास्त्रातील वचनांच्या चिठ्ठ्या ठेवतात. प्रत्येकाने एक उचलायची आणि ते आपले नव्या वर्षाचे वचन समजायचे. 'वचन' या शब्दाचे आमच्या बोलण्यात दोन अर्थ होतात. शास्त्रातील ओळ हे वचन, आणि देवाने दिलेला शब्द हेही वचन. या दुसऱ्या अर्थाने आम्ही 'अभिवचन' असेही म्हणतो. त्या वर्षी माझ्या चिठ्ठीत अन्नवस्त्राची काळजी न करण्याविषयीचे वचन आले. मी ती चिठ्ठी डाळीच्या डब्यावर चिकटवून ठेवली. आणि त्याच वर्षी यजमानांचा कारखाना बंद पडला. तीन महिन्यांचा पगार अडकला. वाण्याच्या वहीतील उधारी वाढत गेली.

एके दिवशी काकू वाटीभर साखर परत द्यायला आल्या. त्यांची नजर डब्याकडे गेली. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या देवाने शब्द दिलाय म्हणतेस, मग डबा रिकामा कसा?" त्या कुचेष्टेने बोलल्या नव्हत्या, काळजीनेच बोलल्या होत्या. पण मला उत्तर देता आले नाही. खरे सांगायचे तर तोच प्रश्न मीही देवाला रोज रात्री विचारीत होते.

त्याच सुमारास मंदिरातील एका बाईंनी मला रमाबाईंचे लहानसे पुस्तक वाचायला दिले. बाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली, ते हे पुस्तक. मूळ इंग्रजीत आहे, पण मराठीतही वाचायला मिळते. रमाबाई म्हणजे मोठ्या विदुषी, परदेशी गेलेल्या, विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या, एवढेच मला शाळेपासून ठाऊक होते. उपासमार काय असते हे त्यांना ठाऊक होते, ही गोष्ट मला त्या पुस्तकातून कळली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी म्हैसूरच्या बाजूला गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकांनी संस्कृत शिकणे त्या काळी निषिद्ध मानीत, तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना. घरची संपत्ती गेल्यावर हे कुटुंब तीर्थाटनाला निघाले. देवळात, घाटावर बसून पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते सारे विकून झाले. तिरुपतीजवळच्या जंगलात ही मंडळी मरणाची वाट पाहत राहिली. अकरा दिवस केवळ पाणी, झाडांची पाने आणि थोडे रानखजूर यांवर काढले, असे रमाबाई लिहितात. वडील गेले, थोड्याच दिवसांनी आईही गेली. आईची तिरडी उचलायला दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या खांद्याला कोणी नाही, म्हणून रमाबाई स्वतः पुढे झाल्या. त्या उंचीने लहान होत्या. खांदा पुरेना, म्हणून त्यांनी ती तिरडी डोक्यावर घेतली. त्यानंतर थोरली बहीणही वारली.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. आमची उधारी, आमचा अडकलेला पगार यांची या दुःखाशी काय बरोबरी! परंतु एक गोष्ट मनात राहिली. पुढे देवाच्या वचनावर एवढे मोठे घर उभारणाऱ्या या बाईने कोवळ्या वयात देवाच्या नावाने केलेले उपासतापास, दाने, तीर्थयात्रा आणि त्यानंतरही आलेली उपासमार, हे सारे पाहिले होते. ज्याला भूक ठाऊक नाही त्याने 'देव देईल' म्हणणे वेगळे, आणि रमाबाईंनी म्हणणे वेगळे.

पुढे भाऊ-बहीण दोघे पायी हिंदुस्थानभर फिरले. पंजाबच्या थंडीत पांघरायला नाही म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केले. १८८१ साली मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. चोविसाव्या वर्षी ही बाई तान्ही मुलगी घेऊन एकटी राहिली.

त्या १८८२ साली पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला. सरकारच्या हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात यावरून फार गहजब झाला. त्या काळी त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या थोड्यांत महात्मा जोतीराव फुले होते, हे सांगितले पाहिजे.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांची, विशेषतः बालविधवांची स्थिती सांगितली. त्यातून १८८७ साली बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन निघाले. दहा वर्षे खर्च चालवू, असा शब्द त्या लोकांनी दिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे त्याच अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामात त्यांचा वाटा किती मोठा, हे आपण जाणतोच.

आता माझ्या विषयाकडे येते. बाप्तिस्मा घेतल्यावरही सुमारे आठ वर्षे आपले मन निवाले नव्हते, असे बाई स्वतः लिहितात. धर्माची तत्त्वे त्यांना पटली होती, पण देव आपल्याशी बोलतो आणि बोललेले पाळतो, हा अनुभव नव्हता. १८९१ च्या सुमारास तो आला. त्या काळात त्यांनी तीन माणसांची चरित्रे वाचली. एक चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर, दुसरे दक्षिण समुद्रातील बेटांवरचे जॉन पेटन, आणि तिसरे ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर.

या म्युलरसाहेबांविषयी थोडे सांगते. ते मूळचे जर्मन, पण आयुष्य गेले इंग्लंडात. १८३६ साली त्यांनी ब्रिस्टलला भाड्याच्या घरात थोड्या पोरक्या मुली घेऊन अनाथालय सुरू केले. देव पोरक्यांचा बाप आहे असे स्तोत्रसंहितेत सांगितले आहे. तो शब्द खरा असेल तर माणसांकडे हात पसरण्याची गरज नाही, देवाकडेच मागावे, असा त्यांनी निश्चय केला. कोणाकडे पैसे मागितले नाहीत, कर्ज काढले नाही. आलेल्या पैन्‌पैचा हिशेब मात्र चोख ठेवला आणि दरवर्षी छापला. पुढे पाच मोठ्या इमारती झाल्या. १८९८ साली ते वारले, तोपर्यंत सुमारे दहा हजार मुले त्यांच्या हाताखालून गेली होती. हा हिशेबाचा भाग मला फार आवडला. देवावर भरवसा ठेवणारा माणूस वही लिहायला चुकत नाही, हे आपल्या बचतगटातील भगिनींनाही पटेल.

ही चरित्रे वाचून रमाबाईंच्या मनात आले की, इंग्लंडात जे घडले ते आपल्या देशात का घडू नये? तेथे ख्रिस्ती राज्य, ख्रिस्ती धनिक. येथे कोण देणार? पण वचन देणारा तोच असेल, तर तो देशाप्रमाणे बदलणार नाही.

याच सुमारास त्यांच्यापुढे वचनाचा आणखी एक प्रश्न उभा राहिला, आणि तो माणसांना दिलेल्या वचनाचा होता. तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. शारदा सदन काढताना, तेथे मुलींच्या धर्मात हात घातला जाणार नाही, असे सांगितलेले होते. त्याच भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी थोर माणसे सल्लागार मंडळात आली आणि पालकांनी मुली पाठवल्या. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. वर्तमानपत्रांत टीकेचा भडिमार झाला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि बऱ्याच मुली पालकांनी काढून नेल्या.

रमाबाईंचे म्हणणे असे होते की, मी कोणावर जबरदस्ती केली नाही. मात्र माझ्या खोलीत मी प्रार्थना करीन, दार लावणार नाही, आणि कोणी आपण होऊन आली तर तिला हाकलणार नाही. पालकांचे म्हणणे असे की, लहान, निराधार, बाईंवर माया करणाऱ्या मुली त्यांच्या मागे जाणारच, मग तुमच्या शब्दाला अर्थ काय उरला? मी ख्रिस्ती असूनही मला वाटते की त्या पालकांचे दुःख खोटे नव्हते. आपली मुलगी शिकायला पाठवावी आणि ती आपल्यापासून दुरावेल की काय या भीतीने रात्र जागवावी, हे कोणत्याही आईला कळेल. तसेच, जिच्या जीवाला एका गोष्टीने शांती मिळाली तिने ती दाराआड लपवून ठेवावी, हीही सोपी मागणी नव्हती. गोदूबाई कर्वे त्या घरात शिकल्या आणि हिंदूच राहिल्या, हेही ध्यानात ठेवावे. कोणाचे किती चुकले याचा निवाडा मी करीत नाही. इतकेच म्हणते की, माणसाला दिलेला शब्द आणि देवाविषयीची निष्ठा यांची ओढाताण झाली म्हणजे किती जणांची मने दुखावतात, याचा हा दाखला आहे. आपल्या मंडळात आपण सर्व धर्मांच्या बायका एकत्र बसतो, म्हणून तो विसरू नये.

या वादाने सदन लहान झाले. शिवाय अमेरिकेच्या मंडळींच्या दहा वर्षांची मुदत जवळ येत होती. रमाबाईंनी त्याची तजवीज आधीच केली होती. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी जमीन घेऊन फळझाडे लावली होती. मुदत संपेपर्यंत झाडे फळाला येतील आणि सदनाचा खर्च निघेल, असा हिशेब होता. देवावर भरवसा आहे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. झाड लावणे, पाणी घालणे हे आपले काम, फळ धरणे देवाचे, असे त्यांचे वागणे दिसते.

१८९६ साली लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरला होता. बाई तेथे आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या होत्या. एके दिवशी पहाटे त्या रानात एकांती प्रार्थनेला बसल्या असता त्यांच्या मनात आले की, या पंधरांच्या पंधरापट मुली पुढच्या मेळाव्याच्या आत मागाव्यात. म्हणजे २२५. पण आकडा मनात येताच त्यांना शंका आली, हे कसे शक्य आहे? आपला विश्वास अपुरा पडला, हे त्या लपवीत नाहीत. तेव्हा यिर्मयाच्या पुस्तकातील एक वचन त्यांच्यापुढे आले. देवाला अवघड असे काही आहे काय, अशा अर्थाचे ते आहे. त्यांनी ते आपल्या लहान वहीत लिहून ठेवले.

या मुली कोठून येणार हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी पाऊस हुकला आणि मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तेव्हा आपल्याजवळ पैसा नाही, जागा नाही, म्हणून त्या आधी कचरल्या. पण तिरुपतीच्या जंगलातील ते दिवस त्यांना आठवले. भुकेने मरणाऱ्या मुली म्हणजे आपणच, असे त्यांना झाले. त्या निघाल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि रस्त्यांवर तरुण मुलींची काय दशा होते, कोणत्या माणसांच्या हाती त्या पडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि स्पष्ट लिहिले. हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, धास्तावलेल्या मुली त्यांनी गाडीत घालून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग शिरला होता, म्हणून नव्या मुली शहरात ठेवता येईनात. मग केडगावच्या त्या जमिनीवर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. संख्या ३०० च्या आसपास गेली. लोणावळ्याचा आकडा वर्षाच्या आत मागे पडला.

इथे मी पुष्कळ वेळ थांबले. फळझाडांसाठी घेतलेली जमीन मुलींच्या उपयोगी पडली. बाईंनी ठरवले होते एक, झाले दुसरे. आणि आणखी एक कठीण गोष्ट अशी की, हा आकडा दुष्काळाने पुरा झाला. देवाने त्यासाठी दुष्काळ पाठवला, असे मी कधीही म्हणणार नाही. तसे म्हणणे त्या मेलेल्या लेकरांचा अपमान होईल. आणलेल्यांपैकीही काही मुली वाचल्या नाहीत. परंतु त्या संकटात कोणीतरी दार उघडे ठेवले होते, आणि ते उघडे ठेवण्याचे बळ बाईंना वहीतल्या त्या एका ओळीने दिले, एवढे खरे.

१८९८ साली अमेरिकेच्या मंडळींचा दहा वर्षांचा शब्द पुरा झाला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. जुने मंडळ संपून नवे मंडळ निघाले, आणि त्याने मुदतीची अट घातली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात केडगावला मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. पुढे १९०० साली गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि घरातील माणसे दोन हजारांच्या जवळ पोहोचली.

दोन हजार माणसे! आपण मंडळाच्या हळदीकुंकवाला शंभर बायकांचा चहा करतो तर दूध पुरेल की नाही म्हणून चारदा डोकावतो. तेथे रोज दोन वेळा दोन हजारांचे ताट. विहिरी खणल्या, शेती केली, गुरे पाळली. मुली विणकाम, शिवण, स्वयंपाक, तेल गाळणे, शुश्रूषा शिकल्या. छापखाना मुलींनीच चालवला. आंधळ्यांसाठी वेगळे घर झाले, आणि मनोरमाबाईंनी त्यांना बोटांनी वाचायची लिपी शिकवली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन झाले. पैसे कोठून येत? देशोदेशींच्या माणसांकडून, टपालाने, लहान लहान रकमांनी. आकाशातून काही पडले नाही. देवाने दिले ते माणसांच्या हातांनीच दिले. पण कोणाच्या हाताने देणार, हे बाईंना आधी कधी ठाऊक नसे. ते ठाऊक नसताना चूल पेटवणे, यालाच मी भरवसा म्हणते.

शेवटची गोष्ट त्यांच्या बायबलाची. त्या वेळचे मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड आहे, खेड्यातील बायांना कळत नाही, असे त्यांना वाटे. दोन हजार लेकरांचा संसार सांभाळून, उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि साध्या मराठीत सबंध भाषांतर करायला घेतले. ते काम १५ वर्षांहून अधिक चालले. वाचायला शिकलेल्या मुलींनीच ते जुळवले आणि छापले.

आणि याच काळात, २४ जुलै १९२१ रोजी, मनोरमाबाई गेल्या. वय अवघे चाळीस. आईच्या मागे सारे काम त्यांनीच सांभाळायचे, असे सर्वांनी धरले होते. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी. आयुष्यभर देवाच्या शब्दावर विसंबलेल्या बाईला हे फळ मिळाले काय, असे कोणीही विचारील. मीही विचारले. याचे उत्तर मला त्या पुस्तकात मिळाले नाही, कारण ते त्याआधीच लिहिलेले आहे. उत्तर मिळाले ते बाईंच्या वागण्यात. त्या पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. भाषांतर पुरे होईपर्यंत दिवस दे, एवढेच त्यांनी देवाकडे मागितले आणि काम हातावेगळे होताच त्या गेल्या, असे आमच्यात सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचा प्राण गेला. पुरे बायबल १९२४ साली छापून झाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार बायका-मुलींना आसरा देते. १९८९ साली भारत सरकारने बाईंच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

या साऱ्या इतिहासातून मला काय समजले ते थोडक्यात सांगते. वचनाची चिठ्ठी ही लॉटरीची चिठ्ठी नव्हे. तुझा डबा कधी रिकामा होणार नाही, असे देवाने कोणाला सांगितलेले नाही. ख्रिस्ताने स्वतः उपास काढले आणि क्रूस सोसला, त्याच्या लेकरांना ते चुकेल कसे? अभिवचनाचा अर्थ एवढाच की, डबा रिकामा असताना तो तुला सोडून जाणार नाही, आणि तुझ्या हाताला काम व दाराला माणूस पाठवील. तो माणूस कोण असेल, कधी येईल, हे आपण ठरवायचे नाही. आणि कधी कधी दुसऱ्याच्या दाराशी जायचा तो माणूस आपणच असतो.

हे मला कळेपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. ज्या काकूंनी मला तो प्रश्न विचारला, त्यांनीच आठवड्याभरात मंडळाच्या बैठकीत माझे नाव सुचवले होते. दिवाळीच्या चकल्या-भाजणीचे मंडळाचे काम त्या वर्षी मला मिळाले. त्यातून वाण्याची उधारी फिटली. मग जानेवारीत यजमानांना दुसरीकडे काम लागले. काकू विठ्ठलाच्या भक्त, त्यांची एकादशी कधी चुकत नाही. माझ्या देवाचे वचन त्यांच्या हातून माझ्या घरी आले, असे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "वेडी आहेस. चकल्या चांगल्या करतेस म्हणून सांगितलं मी."

असो. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. डाळीच्या डब्यावरची ती चिठ्ठी आता तेलकट होऊन अक्षरे पुसत आली आहेत, पण मी काढलेली नाही. आपल्या मंडळाला वर्ष पुरे झाल्याचा आनंद आहेच. एकमेकींच्या दाराशी वेळेवर पोहोचण्याची बुद्धी देव आपणा सर्वांना देवो, एवढीच वर्धापनदिनी प्रार्थना करते आणि लेख पुरा करते.